चौकटीतलं गाव

६ ऑक्टोबर, सोमवार

निखिलकडून आज आलेली माहिती, जशीच्या तशी उतरवते :

--replace : रिप्लेस करतो.

संपलं. विचारलं, काय रिप्लेस करतो? म्हणाला, "जे आहे ते, ताई." कशाने? "जे नवीन आहे त्याने." आणि हेडफोन कानात. प्रोग्राम त्याने लिहिलाय, त्याला सगळं दिसतं. मला त्याच्या डोक्यात शिरायला दार नाही.

अंबडला पंपाच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायचे तेव्हा "चालू बटण : चालू करते" असं लिहून नेलं असतं, तर फोरमनने कागद तोंडावर फेकला असता. तिथली पहिली ओळ ठरलेली. मोटर कोरडी चालवू नका, जळेल. काय जळेल ते आधी, बटण नंतर. इथे सगळे इंजिनिअर. काही जळू शकतं हेच कुणाला पटत नाही.

काम काय आहे ते एकदा स्वतःसाठी नीट लिहिते, म्हणजे पान सुचेल. एका ट्रस्टची जीप सुरगाण्याच्या पाड्यांवर जाते. सिस्टर मुलांच्या बोटाला टोचून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे का ते तपासतात, निकाल लॅपटॉपवर टाकतात. पाड्यावर रेंज नाही. जीप घाटातल्या वळणावर आली की रेंज मिळते. तिथे थांबायचं आणि pathav अशी कमांड द्यायची, की नोंदी नाशिकच्या सर्व्हरवर येतात. कमांडपुढे काय लावलं की काय होतं, ते मराठीत, एका पानात, मी लिहायचं. पान लॅमिनेट करून जीपमध्ये लटकवणार आहेत.

आमच्या बॉस पगार मॅडम म्हणाल्या, "सोपंय वैशालीताई, दोन दिवसांत होईल." ज्याला करायचं नसतं त्याला सगळं सोपंच असतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

नि.ला चहाच्या टपरीवर गाठलं. तिथे हेडफोन नसतो. दोन कटिंगच्या बदल्यात एवढं मिळालं :

नुसतं pathav दिलं तर नवीन नोंदी जुन्यांत मिसळतात. जुनं जिथल्या तिथे राहतं.

--replace लावलं तर त्या गावाच्या सर्व्हरवरच्या सगळ्या नोंदी जातात आणि लॅपटॉपवर जे असेल तेवढंच उरतं.

आणि हे तर तो बोलता बोलता बोलून गेला, की पाठवणं झालं की लॅपटॉप आपोआप रिकामा होतो. जागा कमी आहे म्हणे.

म्हणजे चुकून लावलं तर ना इथे, ना तिथे. मग हे सिस्टरच्या हातात दिलंयच कशाला? "मला टेस्टिंगला लागतं, ताई. असू दे ना. त्या कशाला लावतील?"

त्या कशाला लावतील. हे वाक्य मी पंपाच्या कारखान्यातही ऐकलंय.

दुपारी बसून सावधगिरीच्या पाच ओळी लिहिल्या. बऱ्या झाल्यात. मोठ्याने वाचल्या, कुठे अडलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पाच ओळींची एक झाली. ती पण तळाला, बारीक अक्षरात. मॅडम म्हणाल्या, "घाबरवू नका हो त्यांना. ट्रस्टवाल्यांना वाटेल आपला प्रोग्राम धोक्याचा आहे." आहेच तो धोक्याचा.

पानाच्या मधोमध करडी चौकट, तिच्यात नि.चा नमुना :

pathav --gaav chinchpada --replace

हे त्याने टेस्टिंगला वापरलेलं, तसंच उचलून ठेवलंय. म्हटलं, चिंचपाडा कशाला? आणि replace नमुन्यात कशाला? जे लावू नका म्हणून खाली सांगायचं, तेच वर दाखवायचं?

"सगळे ऑप्शन एका ओळीत दिसतात ना, म्हणून. आणि उदाहरण आहे ते, ताई. उदाहरण कुणालाही कळतं."

भांडले. आवाज चढला माझा, शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. मॅडम बाहेर आल्या. निकाल : पुढच्या व्हर्जनला बदलू, लॅमिनेशनवाला खाली थांबलाय.

रिक्षा न करता कॉलेज रोडवरून घरापर्यंत चालत आले. राग उतरला नाही, पाय दुखले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तिन्ही सिस्टर ट्रेनिंगला आल्या. गावित सिस्टर लक्षात राहिल्या. पन्नाशीच्या, सुरगाण्याच्याच, आंबेपाडा त्यांच्याकडे. बसल्या बसल्या नि.ला म्हणाल्या, "भाऊ, तू लय पटपट बोलतो. आमच्याकडची जीप पन एवढी पळत नाय." नि. लाजला. मला बरं वाटलं.

मग पान हातात घेतलं, मोबाईल काढला, चौकटीचा फोटो काढला. कडा कापल्या. जीपच्या ग्रुपवर टाकला. हे सगळं माझ्यासमोर, मी "खालची ओळ" एवढं म्हणेपर्यंत.

म्हटलं, सिस्टर, पूर्ण पानाचा काढा. म्हणाल्या, "एवढं पान मोबाईलात वाचता येत नाय ताई. वळणावर जीप उभी, डायवर हॉर्न मारतो. चौकट पुरे."

बाकी दोघींनी त्यांचाच फोटो पुढे ढकलला. तीन फोनवर तीन चौकटी. माझी ओळ कुठेच नाही. मी आठवडाभर जे लिहिलं ते लॅमिनेट होऊन जीपमध्ये हिंदकळणार.

नि.ला सांगितलं. "शिकतील हळूहळू."

१८ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या विरघळल्या. सासूबाईंच्या हातची पाककृती आहे, जपून ठेवलेली : तेल अंदाजे, पीठ बसेल तेवढं. त्यांना माहीत होतं किती बसतं. त्या गेल्या, अंदाज त्यांच्याबरोबर गेला. शरद म्हणाला, "आईचं डॉक्युमेंटेशन तुझ्या निखिलनेच लिहिलेलं दिसतं." नवरा असून कधीकधी बरं बोलतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. अकराला गावित सिस्टरचा फोन.

"ताई, माझी पोरं कुठं गेली?"

आंबेपाड्यासमोर सर्व्हरवर काहीच नाही. नि.ने उघडून पाहिलं. चिंचपाड्यात मात्र नोंदी आहेत, आणि तिथली नावं चिंचपाड्याची नाहीतच, तिसऱ्या सिस्टरच्या पाड्याची.

समजायला वेळ लागला नाही, मानायला लागला. तिघींनी आपापल्या दिवशी वळणावर जीप थांबवून चौकट बघून टाइप केलं. अक्षर न् अक्षर. चिंचपाडासकट, replace सकट. गावित सिस्टरच्या नोंदी चिंचपाडा म्हणून चढल्या, मग दुसरीच्या आल्या आणि त्यांना पुसून बसल्या, मग तिसरीच्या. प्रत्येकीच्या लॅपटॉपने "पाठवलं" म्हटलं आणि स्वतःला रिकामं केलं.

मी विचारलं, "सिस्टर, तुमचा पाडा आंबेपाडा, मग चिंचपाडा का टाकलं?"

"तुम्हीच लिहेल होतं ना."

चिडून नाही म्हणाल्या. चिडल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सर्व्हरची राखीव प्रत दर रविवारी निघते. दुसऱ्या सिस्टरच्या नोंदी त्यात सापडल्या. गावित सिस्टरच्या नाहीत. त्या मागच्या आठवड्यात सोमवारी चढल्या आणि रविवार यायच्या आतच पुसल्या गेल्या होत्या.

नि. जेवला नाही. डबा टेबलावर तसाच. तीनच्या सुमाराला माझ्याकडे न बघता म्हणाला, "पानावर वॉर्निंग होती ना, ताई?"

होती. तळाला होती. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पोरगं माझ्या भाच्याच्या वयाचं आहे. पण बोलले ते खरं होतं.

मॅडमनी ट्रस्टला मेल केला, वापरणाऱ्यांची चूक असा. तो वाचल्यावर मला स्वतःच्या खुर्चीवर बसवेना. गॅलरीत जाऊन उभी राहिले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गावित सिस्टरशी नीट बोलले. आता कळलं नक्की काय गेलंय.

आंबेपाड्यावर चार मुलांची तपासणी सिकलसेल असल्याची आली होती. आईबापांना लगेच सांगायचं नाही असा ट्रस्टचा नियम. नाशिकला दुसरी तपासणी करून पक्कं झालं की मगच सांगायचं, उगाच घाबरवायला नको. आधी सिस्टर वहीत टिपायच्या. लॅपटॉप आला तशी वही बंद करायला लावली.

चारपैकी तिघांची नावं त्यांना आठवतात. तिघांना निरोप गेला. चौथी, "पोरगी होती, एवढंच आठवतं. त्या दिवशी लय पोरं होती ताई, रांग लागेल होती."

पुन्हा सगळ्यांना टोचून तपासायचं, ठीक. पण भात कापून झाला की पाडा रिकामा होतो. माणसं बायकापोरांसकट द्राक्षाच्या बागांवर कामाला जातात, दिंडोरीकडे, निफाडकडे. यंदा दिवाळी संपल्या संपल्या निघालीत. अर्धी घरं बंद.

विचारलं, ती मुलगी बागेवर असली आणि कुणाला माहीत नसलं तर?

"थंडीत हाडं दुखतात अशा पोरांची. पाणी कमी पडलं की जास्त. बाप म्हनल, कामाला नको म्हनून रडते."

घरी आल्यावर शरद काहीतरी विचारत होता, मला ऐकूच आलं नाही. नाशिकची थंडी आत्ताच सुरू झालीय. माझ्या अंगावर शाल आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

नवीन पान. या वेळी चौकटच पान. तळ नाही, बारीक अक्षर नाही, कापून टाकण्यासारखं काहीच बाहेर ठेवलं नाही. चौकटीत दोन ओळी :

pathav --gaav TUMCHEGAAV
(आधी TUMCHEGAAV च्या जागी आपलं गाव लिहा)

नि.ने कुणाला न विचारता सिस्टर लोकांच्या प्रोग्राममधून replace काढून टाकलं. मॅडमना सांगायला गेला तेव्हा कान लाल. त्या म्हणाल्या, "मला आधी विचारायचं ना." तो म्हणाला, "तुम्ही पुढच्या व्हर्जनला म्हणाला असता." मी पाणी पीत होते, ठसका लागला.

ह्या पानावर मी खूश आहे. आता याहून स्पष्ट काय लिहिणार माणूस?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व्हरवर नवीन गाव आलंय. नाव tumchegaav. लोकसंख्या अकरा.

तिसऱ्या सिस्टरनी पाठवलंय. फोन केला तर म्हणाल्या, खालची ओळ फोटोत येत नव्हती, डायवरचा अंगठा आला मधे.

नि. माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मग अगदी साळसूदपणे, "उदाहरण आहे ते, ताई. उदाहरण कुणालाही कळतं."

हसले. काय करणार. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना. त्याने घाबरून चहा आणला.

त्याने ती अकरा माणसं आपापल्या गावी नेऊन सोडली, tumchegaav रिकामं केलं. म्हणतो, टाइप करायलाच लावायचं नाही, गावांची यादी दाखवायची, त्यातून निवडायचं. बरोबर आहे त्याचं. मला हे आधी सुचायला हवं होतं, पण मी पान लिहीत बसले होते. मॅडम : छान कल्पना आहे, पुढच्या व्हर्जनला.

९ नोव्हेंबर, रविवार

आंबेपाड्यावर जे उरलेत त्या सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली. ती पोरगी त्यांत नाही. म्हणजे ती बागेवर गेलेल्यांत आहे.

सिस्टर जीप घेऊन खाली उतरणार होत्या. मी म्हटलं येते. "तुम्ही येऊन काय करनार?" खरंच काय करणार होते? पण घरी बसून तरी काय करणार होते?

दिंडोरीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत एक बाग. कडेला काळ्या प्लॅस्टिकच्या झोपड्या, चुली, दोरीवर कपडे. आंबेपाड्याची दोन घरं भेटली. पोरांना बोलावलं. सिस्टर टोचत होत्या, मी कापूस धरून उभी. एक छोटी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बाई नुसती उभीच हाय." सिस्टर हसल्या, "ती लिहिनारी हाय."

इथे कुणात काही निघालं नाही. बाकीची घरं दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढे गेलीत. कुठे? एका माणसाला विचारलं, कुठली बाग?

"द्राक्षाची."

नि.चा सख्खा भाऊ शोभेल. ओरडावंसं वाटलं. पण त्याला तरी कुठे कुणी नीट सांगितलं होतं? मुकादम टेम्पो आणतो, चला म्हणतो, माणसं चढतात.

येताना जीपमध्ये माझं लॅमिनेट केलेलं जुनं पान अजून लटकलेलं होतं. मागून काढून घेतलं, पर्समध्ये घातलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सिस्टरचा फोन लागत नाही. दोन दिवस झाले.

मॅडमना आता दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पान हवंय. येवल्याचा पैठणीचा व्यापारी, मालाची नोंद. तिथेही तोच प्रोग्राम, तीच चौकट. पहिली ओळ लिहिली : काय जाईल ते. मॅडम म्हणाल्या, सुरुवात अशी नकारात्मक कशाला? मी म्हटलं, नाहीतर दुसरं कुणीतरी बघा. आवाज न चढवता म्हटलं. ओळ राहिली.

ओळ राहिल्याचा आनंद व्हायला हवा होता. साडीच्या व्यापाऱ्याचं पान चांगलं झालंय आणि ज्यांच्यामुळे हे शिकले त्या सिस्टरचं अजून तसंच आहे, हेच डोक्यात फिरत राहिलं.

नि. यादीचं काम घरी जाऊन करतोय. मॅडमना माहीत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आल्या आल्या सर्व्हर उघडायची सवय लागलीय. आज tumchegaav मध्ये पुन्हा कुणीतरी.

एकच नोंद. मुलगी. वय नऊ. नाव सुनीता, पुढे काही नाही. तपासणी : सिकलसेल आहे. पाठवणाऱ्या : गावित सिस्टर.

आधी डोकंच फिरलं. बाकी कुणी नाही, गावित सिस्टर, ज्यांना मी स्वतः जीपमध्ये बसून समजावलं होतं. फोन लावला. लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"सिस्टर, ते TUMCHEGAAV तसंच ठेवायचं नसतं. तिथे तिचं गाव लिहायचं."

"माहीत हाय मला. पन हिचं गाव काय लिहू? आंबेपाड्याला घराला कुलूप. तिथं निरोप धाडला तर घेनार कोन? ह्या बागेतलं काम संपलं, उद्या निघतील. पुढची बाग मुकादमाला ठाऊक, तो सांगत नाय. तुमच्या चौकटीत बसंल असं गावच नाय हिला. म्हनून तसंच ठेवलं."

मी विचारलं, "हीच का ती चौथी? चेहरा आठवतो का?"

तेवढ्यात ट्रॅक्टर जवळ आला, त्या काहीतरी बोलल्या, आणि रेंज गेली. पुन्हा लावला. नॉट रीचेबल. आतापर्यंत सारखी लावतेय.

नि. जीपच्या डायवरचा नंबर शोधतोय. ट्रस्टच्या ऑफिसात कुणी उचलत नाही. बाग कुठली तेही विचारायचं राहिलं माझ्याकडून. तपासणीला नाशिकला आणायचं तर आज आणावं लागेल, उद्या ती टेम्पोत बसलेली असेल.

पहिल्या पानाची फाइल समोर उघडी आहे, पुढचं पान त्यातूनच करायचंय. --gaav पुढे मी महिन्यापूर्वी लिहिलं होतं : व्यक्तीचं गाव. मला वाटलं होतं सगळ्या पानात तेवढी एकच ओळ अशी आहे जिला कुणी हात लावणार नाही. ती पुसली. नि.ने खुर्चीमागून विचारलं, "मग काय लिहायचं तिथे, ताई?"

सुचलेलं नाही. फोन पुन्हा लावते.